माश्या मारण्याची फेलोशिप

जीवशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या मुलीला नातेवाईक तीन प्रश्न विचारतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिला, 'नक्की काय करतेस गं तू?' दुसरा, 'मग अजून संपलं कसं नाही?' तिसरा लग्नाचा. तो मला विचारत नाहीत. मी पाणी आणायला आत गेले की आईला विचारतात.

पहिल्याचं उत्तर मी खरंखरं देते. फळमाश्यांवर काम करते. मग समोरचे काका, मामा किंवा शेजारचे जोशी-कुलकर्णी जे कोणी असतील ते म्हणतात, 'म्हणजे माश्या मारतेस!' आणि स्वतःच खो-खो हसतात. हा विनोद आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येक मराठी माणसाने झेललेला आहे. गोची अशी, की तो विनोद नाहीच. काम झालेल्या माश्या खरोखरच माराव्या लागतात. त्यासाठी प्रत्येकाच्या टेबलावर अल्कोहोल भरलेली एक बाटली असते आणि तिला रीतसर 'मॉर्ग' म्हणतात. देशाच्या तिजोरीतून ज्युनियर फेलोला यापोटी महिना ३७,००० रुपये मिळतात. जानेवारी २०२३ च्या आधी ३१,००० मिळत. हे आकडे कागदावरचे. खात्यात कधी दिसतात हा प्रश्न जीवशास्त्राचा नाही, अध्यात्माचा आहे.

माशीचं नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. स्वयंपाकघरात जरा जास्त पिकलेल्या केळ्यावर जी चिलटं घोंगावतात, तीच ही. १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर दिसला. त्या एका बिचाऱ्याच्या वंशावळीतून, जनुकं गुणसूत्रांवर असतात हे सिद्ध होत गेलं आणि १९३३ मध्ये मॉर्गन यांना नोबेल मिळालं. त्यांच्या खोलीत माश्या दुधाच्या बाटल्यांत राहत आणि केळी खात. आमच्याकडे त्या छोट्या नळ्यांत राहतात आणि मक्याचं पीठ, साखर, यीस्ट नि अगर घालून शिजवलेला गोळा खातात. तो शिजवायची पाळी असली की अंगाला जो वास येतो त्यामुळे बसमध्ये बसायला हमखास जागा मिळते.

या माश्या गोठवून ठेवायची रोजच्या वापरातली सोपी सोय नाही. म्हणजे एकेक वाण जिवंत ठेवायचा तर जुन्या नळीतून नव्या नळीत, पिढ्यानपिढ्या, हाताने ओतत राहायचं. दिवाळी असो, गणपती असो, सख्ख्या भावाचं लग्न असो. 'माश्यांना सुट्टी नसते' हे वाक्य मी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी फोनवर म्हटल्यावर आईने बाबांकडे फोन दिला होता.

खरी गंमत मात्र आमच्या मुख्य कामात आहे. प्रयोगासाठी कुठल्या मादीचं कुठल्या नराशी जमवायचं हे आम्ही ठरवतो, आणि त्यासाठी मादी कोरी हवी. कोशातून बाहेर पडल्यावर २५ अंश तापमानात पहिले आठ तास मादी नराला दाद देत नाही. त्या आठ तासांत तिला उचलून बाजूला काढायचं. त्याला प्रयोगशाळेत 'व्हर्जिन कलेक्शन' म्हणतात, आणि ते आम्ही इतक्या सहजपणे म्हणतो की त्यात काही वावगं आहे हे विसरून जातो. भरलेल्या पीएमटीत माझी लॅबमैत्रीण फोनवर ओरडत होती, 'अगं, माझ्या व्हर्जिन्स नऊच्या आत काढ, नाहीतर सगळ्या वाया जातील!' पुढच्या सीटवरच्या आजींनी मागे वळून तिच्याकडे जे पाहिलं ते ज्यांनी अनुभवलं त्यांनाच कळेल.

काढायचं कसं, तर एका सच्छिद्र पांढऱ्या चौकोनावर माश्या ओतायच्या. खालून कार्बन डायऑक्साइड येत असतो, त्याने त्या गाढ झोपतात. मग मायक्रोस्कोपला डोळे लावून चित्रकलेच्या बारीक ब्रशने एकेकीला इकडे किंवा तिकडे सारायचं. नराचं बूड काळं, पुढच्या पायांवर इवलीशी काळी फणी. मादीचं बूड फिकट आणि निमुळतं. नुकतीच जन्मलेली असेल तर अंग पांढुरकं, सुजल्यासारखं, पंख अजून पुरते उलगडलेले नाहीत, आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक काळसर ठिपका दिसतो. तो म्हणजे अळी असताना घेतलेल्या शेवटच्या जेवणाचा उरलेला अंश. माहेरची शिदोरी. तो ठिपका दिसला की बाई निर्धास्तपणे कोऱ्यांच्या नळीत. गॅस जरा कमी पडला की मंडळी जागी होऊ लागतात, एखादा नर लटपटत उठतो आणि पहिल्याप्रथम काय करतो, तर एक पंख आडवा पसरून गाणं म्हणतो. फळमाशीचा नर असाच प्रियाराधन करतो, एका पंखाने. शुद्धीवर यायच्या आत गायला लागणारा प्राणी मी दुसरा पाहिलेला नाही, लग्नाच्या वरातीतले सोडले तर.

मग पत्रिका. याचे पंख कुरळे हवेत, तिचे केस आखूड हवेत, दोघांच्या तिसऱ्या गुणसूत्रावर एकच दोष नको, संततीत चारातली एकच आपल्या कामाची. गोत्र बघणाऱ्या गुरुजींनाही घाम फुटेल इतकं गणित मांडून मी रोज कितीतरी जोड्या लावते. नकार नाही, हुंडा नाही, 'मुलाकडचे कळवतो म्हणाले' नाही. आणि हे सगळं करून रात्री अकराला खोलीवर येते तर आत्याचा निरोप, की विवाहसंस्थेच्या संकेतस्थळावर तुझी माहिती भरली आहे, जरा 'छंद' या रकान्यात काहीतरी बरं लिही.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल की संशोधकाचा दिवस गडबडीचा असतो. अजिबात नाही. गडबड अर्धा तास, आणि मग दोन तास वाट पाहायची. जेल पळतंय, थांबा. प्रतिपिंड रात्रभर मुरतंय, थांबा. माश्यांची नवी पिढी दहा दिवसांनी येईल, थांबा. आमच्या क्षेत्रात थांबण्याला 'इन्क्युबेशन' म्हणतात म्हणून लोकांना ते काम वाटतं. आणि थांबलेल्या माणसाच्या हाताशी इंटरनेट असतं. मी लावलेले बहुतेक शोध याच काळातले आहेत. ते माझ्या प्रबंधात येणार नाहीत एवढाच त्यांचा दोष.

उदाहरणार्थ चमचे. आमच्या मजल्यावरच्या चहाच्या खोलीत चमचा टिकत नाही. मी एका रात्री यावर काही माहिती मिळते का म्हणून शोधायला बसले आणि काय सांगू, यावर शोधनिबंध आहे! डिसेंबर २००५, ब्रिटिश मेडिकल जर्नल. मेलबर्नच्या बर्नेट इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी ७० चमच्यांवर गुपचूप खुणा केल्या, संस्थेच्या आठ चहाखोल्यांत ते सोडले आणि पाच महिने हजेरी घेत राहिले. ५६ चमचे गेले. ८० टक्के. किरणोत्सारी पदार्थाचं काढतात तसं त्यांनी चमच्याचं अर्धायुष्य काढलं: ८१ दिवस. त्यातही सगळ्यांसाठी खुल्या खोलीत ४२ दिवस आणि ठरावीक गटाच्या खोलीत ७७. संस्थेत ७० चमचे कायम हवे असतील तर वर्षाला २५० विकत घ्यावे लागतील, असा हिशोबही दिला. कारणमीमांसेत, चमच्यांचा म्हणून वेगळा ग्रह असावा आणि ते तिकडे निघून जात असावेत, हीसुद्धा शक्यता त्यांनी विचारात घेतली आहे.

मी हा निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. माझ्या स्वतःच्या विषयातले फार थोडे निबंध मी असे वाचले आहेत. प्रश्न स्वच्छ, पद्धत साधी, आकडे चोख, आणि निष्कर्ष कुठल्याही सरकारी कचेरीत जसाच्या तसा लागू. आम्ही तो छापून चहाच्या खोलीत लावला. दोन दिवसांनी टाचण्या गेल्या.

पुढचा शोध माझ्या सहनशील माश्यांबद्दलच. आमच्या क्षेत्रात जनुक ज्याला सापडतं त्याने बारसं करायचं अशी चाल आहे, आणि ही मंडळी वात्रट. एक जनुक बिघडलं की माशीला हृदयच तयार होत नाही. त्याचं नाव 'टिनमॅन', ओझच्या गोष्टीतल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. दुसरं बिघडलं की माशी जास्त जगते. त्याचं नाव 'इंडी', म्हणजे 'अजून मेलो नाही' या इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं. आणि एक बिघडलं की माशीला थोडक्यात चढते. ते 'चीप डेट'. माशीला किती चढली हे मोजायचं यंत्र आहे, त्याचं नाव इनेब्रिओमीटर. उंच काचेची उभी नळी, आत तिरक्या पायऱ्या, मद्याची वाफ सोडलेली. माश्या वरून सोडायच्या. धडपडत, पायरी-पायरीने खाली येतात. जी लवकर तळाला पोचली तिला लवकर चढली. माझ्या ओळखीच्या एका हॉस्टेलचा जिना याच तत्त्वावर चालतो.

यावरून आठवलं. २०१२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. काही नरांना चार दिवस अशा माद्यांबरोबर ठेवलं ज्यांचं आधीच जमलेलं होतं आणि ज्या त्यांना झिडकारत राहिल्या. काही नरांना मात्र सुखाचा संसार दिला. मग दोघांपुढे दोन प्रकारचं अन्न ठेवलं, एक साधं, एक दारू मिसळलेलं. झिडकारलेले नर दारूकडे वळले. मेंदूतल्या एका रसायनाची पातळी घसरते आणि त्यामुळे असं होतं, हेही दाखवलं. शरच्चंद्रांनी ज्या गोष्टीला अख्खी कादंबरी खर्ची घातली आणि हिंदी सिनेमाने पुनःपुन्हा रिळं, ती एवढ्याशा नळीत मावते. हा निबंध मी घरच्या ग्रुपवर टाकला. मामाने अंगठा दाखवला. मामीने विचारलं, माद्यांचं काय झालं ते का नाही मोजलं? पीअर रिव्ह्यू याला म्हणतात.

आता लिहिण्याबद्दल. प्रयोग संपले की लिहावं लागतं, आणि लिहिणं सुचत नाही. सर दारात येऊन विचारतात, 'ड्राफ्ट कुठवर?' सरांचं एक आहे: प्रयोग जमला की 'आपण दाखवलं', फसला की 'तू काय केलंस नेमकं?' असो. तर अशाच एका कोरड्या दुपारी मला डेनिस अपर सापडले. या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये एका प्रतिष्ठित नियतकालिकात निबंध छापला. विषय होता, लेखन न सुचण्याच्या आजारावर स्वतःच केलेला आणि अयशस्वी ठरलेला उपचार. शीर्षक आहे, लेखकाचं नाव आहे, आणि खाली पान कोरं. परीक्षकाचा शेराही सोबत छापला आहे: लिंबाचा रस लावून आणि एक्स-रे काढून पाहिलं, मजकुरात एकही दोष आढळला नाही, कुठलाही बदल न करता छापावा. मी ते पान सरांना दाखवलं. ते म्हणाले, 'छान आहे. संदर्भसूचीत घाल आणि पुढचं लिही.'

सहलेखकांचं प्रकरणही इंटरनेटवरच उलगडलं. आमच्याकडे निबंधावर कोणाचं नाव कितवं यावरून बोलाचाली बंद होतात. आणि १९७५ मध्ये मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने चक्क आपलं मांजर सहलेखक केलं. झालं असं, की त्याने अख्खा निबंध 'आम्ही'ने लिहिला होता. लेखक एकटाच असेल तर नियतकालिकाला 'आम्ही' चालत नाही, असं एका सहकाऱ्याने सांगितलं. टाइपरायटरचे दिवस. सगळा निबंध पुन्हा टाइप कोण करणार? मग चेस्टर नावाच्या बोक्याला 'एफ. डी. सी. विलर्ड' असं भारदस्त नाव देऊन शेजारी बसवलं. निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये आला. पुढे काही प्रतींवर दुसऱ्या लेखकाची सही म्हणून पंजाचा ठसा उमटला. आंद्रे गाइम यांनी २००१ मध्ये आपल्या हॅमस्टरला सहलेखक केलं, आणि पुढे २०१० मध्ये ग्राफीनसाठी त्यांना नोबेल मिळालं. त्याच्याही आधी चुंबकाने बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल त्यांना इग नोबेल मिळालं होतं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. आमच्या लॅबमध्ये एक मांजर येतं. मी त्याच्याशी हल्ली अदबीने वागते.

इग नोबेलच्या यादीत आपली माणसं शोधायचा मला नादच लागला. २००१ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्समधल्या दोन डॉक्टरांना मिळालं. शाळकरी मुलं नाकात बोटं घालतात का, घालत असल्यास किती वेळा, यासाठी. बहुतेक सगळी घालतात, साधारण दिवसाला चार वेळा. २००२ मध्ये केरळ कृषी विद्यापीठाच्या दोघांना, हत्तीच्या कातडीचं एकूण क्षेत्रफळ काढायच्या सूत्रासाठी. २०२५ मध्ये दोघा भारतीयांना, वासमारे बूट आणि चपलांचं कपाट यांच्या परस्परसंबंधासाठी. यातला शेवटचा विषय पुण्याच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये हाती लागला असता. आपल्याकडे दार उघडताक्षणी नाक मुरडून आत जायची पद्धत पडली, मोजायची नाही, म्हणून संधी गेली.

एक्सेलची गोष्ट मात्र मला हसवतही नाही. माणसाच्या शरीरात 'सेप्टिन' कुळातली जनुकं आहेत. त्यांची आखूड नावं इंग्रजी सप्टेंबरच्या आखूड रूपासारखी, शेवटी आकडा. 'मार्च' नावाचंही एक कुळ आहे. ही नावं एक्सेलच्या रकान्यात टाकली की एक्सेल कनवाळूपणे त्यांच्या तारखा करून टाकतं. दोन सप्टेंबर. एक मार्च. २०१६ मध्ये काही जणांनी तपासलं तर एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी साधारण एकपंचमांशांत असल्या चुका निघाल्या. मग मानवजातीने काय करावं? २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलेल ही आशा सोडून. एक्सेलला हे आपोआप करणं बंद करायचं बटण २०२३ मध्ये मिळालं. कोट्यवधी वर्षं उत्क्रांत होत आलेली जनुकं एका तक्त्यापुढे वाकली. महिनाअखेरीला लेखा विभागात बिलं घेऊन जाणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आणि रोजचं टपाल. एकदा तुमचं नाव कुठल्याही निबंधावर छापून आलं, चौथं का असेना, की पत्रं सुरू होतात. 'परमआदरणीय प्राध्यापक' अशी हाक मला आजवर फक्त अशाच पत्रांतून मिळाली आहे. तुमच्या अलौकिक योगदानाने आम्ही भारावलो आहोत. कृपया आमच्या दंतवैद्यकाच्या परिषदेत बीजभाषण करा. नोंदणी शुल्क तेवढं तुम्ही भरा. माश्यांना दात नसतात. कळवूनही उपयोग नाही, पुढचं पत्र मृदासंधारणाचं येतं. यावर दोन अमेरिकी संगणकशास्त्रज्ञांनी, डेव्हिड मॅझिएरेस आणि एडी कोहलर यांनी, २००५ मध्ये एक निबंध रचला होता. दहा पानं. शीर्षकापासून आकृत्यांपर्यंत सात शब्दांचं एकच वाक्य: तुमच्या यादीतून माझं नाव काढा, आणि मधोमध एक सणसणीत शिवी. आलेखाच्या अक्षांवरही तेच, फ्लोचार्टमध्येही तेच. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका वैतागलेल्या प्राध्यापकाने तो असल्याच एका नियतकालिकाला उत्तरादाखल पाठवला. त्यांनी तो स्वीकारला. परीक्षकाने 'उत्कृष्ट' म्हटलं. दीडशे डॉलर तेवढे मागितले.

खऱ्या नियतकालिकांचे निबंध वाचायचे तर एकेकाला तीस-चाळीस डॉलर पडत, आणि फेलोशिपचं अध्यात्म मी वर सांगितलंच आहे. गरजूंनी काय केलं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी छापत नाही, म्हणून मीही नाही छापत. जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेत तेरा हजारांवर नियतकालिकं सरकारी संस्थांना खुली झाली. सोय झाली यात वाद नाही. फक्त 'निबंध मिळत नाही' ही जी सबब सरांपुढे हमखास चालायची, ती गेली.

या सगळ्या मुशाफिरीत मला सर्वात आवडलेली जागा म्हणजे ब्रिस्बेनचा एक थेंब. क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल या प्राध्यापकांनी १९२७ मध्ये डांबराच्या जातीचा पदार्थ, पिच, गरम करून काचेच्या नरसाळ्यात ओतला. हातोडीने फोडला तर तुकडे होतात असा घट्ट. पण तो खरं म्हणजे अतिशय दाट द्रव आहे, हे विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं. तो नीट बसायला तीन वर्षं दिली. १९३० मध्ये नरसाळ्याचं तोंड कापलं. आणि मग वाट. पहिला थेंब पडायला आठेक वर्षं लागली. आजवर नऊ पडले आहेत.

जॉन मेनस्टोन १९६१ पासून या प्रयोगाचे राखणदार. पन्नासहून अधिक वर्षं. १९७९ मध्ये थेंब सुट्टीच्या दिवशी पडला, ते तिथे नव्हते. १९८८ मध्ये ते तिथेच होते, पण पाच मिनिटं काहीतरी प्यायला बाहेर गेले, तेवढ्यात पडला. २००० मध्ये ते परदेशी होते, म्हणून खास कॅमेरा लावला होता. तो नेमका बंद पडला. २०१३ च्या जुलैमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तशाच दुसऱ्या प्रयोगातला थेंब कॅमेऱ्यात पकडला गेला, ते मेनस्टोन यांनी पाहिलं. पुढच्याच महिन्यात ते वारले. ब्रिस्बेनचा नववा थेंब २०१४ च्या एप्रिलमध्ये उतरला.

सध्या दहावा लोंबतोय. कॅमेरा चोवीस तास चालू असतो, जगातून कोणीही पाहू शकतं. रात्री जेल पळत असताना मी ती खिडकी एका कोपऱ्यात उघडी ठेवते. पडद्यावर काहीही घडत नाही, आणि ते काहीही न घडणं पाहायला माझ्याबरोबर आणखी कोण कोण बसलेलं असतं. सर एकदा मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता बोलणी. ते खुर्ची ओढून बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, 'यांचा ग्रँट कोण रिन्यू करतं गं?'

घरच्यांना मात्र माझ्याकडून असला थेंब नको आहे, उपयोगाचं काहीतरी हवं आहे. आईचं म्हणणं, एवढी शिकलीस तर ओट्यावरची चिलटं घालवून दाखव. मी आयुष्याची उमेदीची वर्षं ती जगवण्यात घालवली आहेत हे तिला पटत नाही. वाटीत व्हिनेगर घे, साबणाचा एक थेंब टाक, एवढं मी सांगितलं. ते तिने आधीच यूट्यूबवर पाहिलेलं होतं.

रत्नागिरीच्या काकांचा फोन आंब्याच्या हंगामात येतो. त्यांच्या कलमांना फळमाशी त्रास देते. ती वेगळी, हे मी दर वर्षी सांगते. माझी माशी तीन मिलिमीटरची, सडू लागलेल्या फळावर बागडणारी. तुमची चांगली मोठी, झाडावरच्या चांगल्या आंब्याच्या सालीत अंडी घालणारी. दोघींचं कुळ वेगळं, नाव तेवढं एक. 'म्हणजे भावकी नाही?' काका विचारतात. नाही. यंदा मात्र ते सल्ला मागत नव्हते, बातमी देत होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे 'रक्षक' सापळे बागेत लावले होते. प्लॅस्टिकचा डबा, आत मिथाइल युजेनॉल मुरवलेला लाकडाचा तुकडा. माश्यांचे खच पडले होते.

'पण एक सांग गो,' काका म्हणाले, 'यात सगळे नरच कसे? एक मादी नाही डब्यात.'

तो वास नरांनाच ओढतो, मी म्हटलं. नर गेले की माद्यांची अंडी फळत नाहीत, पुढची पिढी बसते.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका म्हणाले, 'म्हणजे तू तिकडे रात्र-रात्र जागून पोरींना पोरांपासून लांब ठेवतेस, नि मी हितं पोरांना डब्यात घालून मारतोय. धंदा एकच की आपला! मग तुला एकटीलाच कशी गो फेलोशिप?'